सिगारीवरची पिठी

आमच्या मजल्यावर कुणाच्या पापडाला वास आला किंवा लोणच्यावर पांढरं काही दिसलं की ती बरणी कांताबाईंकडे जाते. त्या चष्मा कपाळावर चढवतात, बरणी खिडकीशी नेऊन तिरकी धरतात, नाक जवळ नेतात आणि सांगतात. मीठ वर आलंय, खा. नाहीतर, बुरशी आहे, टाका. अलीकडे त्या तिसरंही एक उत्तर देतात, ‘मला सांगता येत नाही.’ ते ऐकून बायका जरा खट्टू होऊन परत येतात. पूर्वी कांताबाई असं म्हणत नसत. त्या असं का म्हणायला लागल्या हे मला त्यांच्याकडून आणि त्यांच्या मुलीकडून, प्रितीकडून, तुकड्यातुकड्याने कळलं.

कांता अजित गमरे. मूळ गाव रत्नागिरीकडचं, जन्म आणि सगळं आयुष्य परळमधलं. वडील गिरणीत सायझिंग खात्यात, सुताला खळ लावायच्या कामावर होते, नवराही गिरणीतच. गिरणी बंद पडल्यावर अजितरावांनी शिवडीच्या एका गोदामात राखणदारी धरली आणि कांताबाई फोर्टातल्या एका जुन्या क्लबात लागल्या. साल सत्त्याण्णव. धुतलेले टेबलक्लॉथ आणि नॅपकिन इस्त्री करून, घड्या घालून कपाटात लावायचे, असं काम. क्लबाचे मेंबर म्हणजे वकील, डॉक्टर, बोटींच्या कंपन्यांतले मोठे अधिकारी. त्यांच्याशी कांताबाईंचा संबंध दोन वर्षं आलाच नाही.

क्लबाच्या दुसऱ्या मजल्यावर स्मोकिंग रूम होती. तिच्या एका भिंतीला काचेचं दार असलेली कोठडी होती, आतून सुवासिक लाकडाचं अस्तर लावलेली. मेंबरांच्या सिगारींच्या पेट्या तिथे नावानिशी ठेवलेल्या असत. काही पेट्या दहा-दहा वर्षांच्या. ती खोली ऑस्कर परेरा सांभाळत. ऑस्कर खोताच्या वाडीतले, ईस्ट इंडियन म्हणजे मुंबईचे मूळचे ख्रिस्ती, त्यामुळे घरातही मराठीच बोलणारे. वयाने कांताबाईंपेक्षा बरेच मोठे. क्लबातले सगळे नोकर त्यांना अंकल म्हणत.

नव्व्याण्णव सालच्या ऑगस्टमध्ये त्या मजल्यावर झाडपूस करणारा माणूस रजेवर गेला आणि चार दिवसांसाठी कांताबाईंना तिथे पाठवलं. ऑस्कर खाली स्टोअरमध्ये गेलेले होते. टेबलावर एक पेटी उघडी होती. कांताबाईंनी आत बघितलं तर वरच्या थरातल्या सिगारी पांढऱ्या झालेल्या, पीठ भुरभुरावं तशा. पावसाळ्यात चाळीतल्या चामड्याच्या चपला, पट्टे, बाबासाहेबांच्या तसबिरीमागचा पुठ्ठा, सगळं त्या दर आठवड्याला पुसत. सवयीच्या हाताने त्यांनी कोरडं फडकं घेतलं आणि एकेक सिगार उचलून पुसायला सुरुवात केली. नऊ पुसून झाल्या तेव्हा ऑस्कर दारात आले.

ते ओरडले नाहीत. खुर्चीवर बसले आणि म्हणाले, “ही विजयकर साहेबांची पेटी. संध्याकाळी ते येतील तेव्हा तूच सांग गो त्यांना.”

हर्षवर्धन विजयकर सॉलिसिटर होते, राहायला ठाकूरद्वारला. त्र्याण्णव साली लंडनहून ही पन्नास सिगारींची पेटी त्यांनी आणली होती आणि दर वाढदिवसाला त्यातली एक ते ओढत. संध्याकाळी कांताबाई त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या आणि बुरशी समजून पुसलं असं सांगितलं. नोकरी गेली असं त्या धरूनच चालल्या होत्या. विजयकरांनी पेटी उघडून बघितली, एक सिगार बोटांत फिरवली आणि परत ठेवली.

“सहा वर्षं लागली होती हे यायला,” ते म्हणाले. “पुढच्या वेळी आधी विचारा, बाई.”

एवढंच. ते पेपर वाचायला निघून गेले. कांताबाई म्हणतात की त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. घरी जाऊन त्यांनी अजितरावांनाही काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी ऑस्करनी त्यांना बोलावून विचारलं की पुसताना सगळ्या सिगारी तुला सारख्याच वाटल्या का. कांताबाई म्हणाल्या, नाही, दोन जरा निराळ्या होत्या, ओल्या गोणपाटासारखा वास होता त्यांना. ऑस्करनी पेटी त्यांच्यासमोर ठेवली आणि त्या दोन कुठल्या ते दाखवायला सांगितलं. कांताबाईंनी वास घेत घेत दोन काढून दिल्या. ऑस्करनी त्या नाकाशी धरल्या. त्यांना काही वास आला नाही. पण त्यांनी दोन्ही एका कागदात गुंडाळून वेगळ्या ठेवल्या आणि महिनाभराने उघडल्या, तेव्हा एकीच्या टोकाला हिरवट केसाळ ठिपका उगवलेला होता. त्यानंतर पंधरा दिवसांत कांताबाईंची बदली स्मोकिंग रूमला झाली. ऑस्करनी सेक्रेटरीला सांगितलं की मला हे नाक पाहिजे.

पुढची दहा-अकरा वर्षं त्या ऑस्करच्या हाताखाली शिकल्या. आपल्या हवेत सिगार सांभाळणं म्हणजे वर्षभर दोन निरनिराळी कामं. हिवाळ्यात कोरड्या हवेने आणि एसीमुळे पान सुकतं आणि तडकतं, तेव्हा कोठडीत पाण्याचे स्पंज ठेवायचे. जूनपासून उलट. तेव्हा बाहेरचा ओलावा आत शिरू द्यायचा नाही, दार कमीत कमी उघडायचं, ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या पिशव्या दर तीन दिवसांनी बदलायच्या. भिंतीवर दमटपणा दाखवणारा गोल काटा होता. कांताबाई त्याला घड्याळ म्हणत. सकाळी आल्यावर आणि निघताना तो बघून वहीत आकडा लिहायचा.

आणि पांढऱ्याची ओळख. ऑस्कर त्याला ब्लूम म्हणत, कांताबाईंनी त्याला पिठी म्हणायला सुरुवात केली आणि काही वर्षांनी ऑस्करही पिठीच म्हणू लागले. त्यांनी समजावून सांगितलं होतं की तंबाखूच्या पानात तेल असतं. पान वाळलं, गुंडाळलं, तरी ते तेल आत राहतं. सिगार वर्षानुवर्षं एकाच दमटपणात नीट पडून राहिली की ते कणाकणाने वर येतं, पानावरच सुकतं आणि बारीक पुडीसारखं दिसतं. घाई करून ते येत नाही. पिठी सगळीकडे सारखी असते, बुरशी ठिपक्याठिपक्यांनी. पिठी मऊ ब्रशने झटकली की खाली पान स्वच्छ, बुरशी डाग सोडते. सिगारीच्या पेटवायच्या, कापलेल्या टोकाला पांढरं आलं असेल तर ती बुरशीच. आणि वास.

ऑस्कर दोन हजार दहाला निवृत्त झाले आणि चार वर्षांनी गेले. खोली कांताबाईंकडे आली. क्लबात त्यांचं नाव झालं. एखाद्या मेंबरची पेटी पांढरी पडली की तो त्यांना बोलावून घेई, त्या बघून सांगत आणि तो शब्द शेवटचा असे. पिठी आहे म्हटलं की मेंबर खूश होत, कारण पिठी म्हणजे माल मुरला, जपला गेला अशी समजूत. विजयकरांची पेटी तर सगळ्यांना दाखवायची वस्तू झाली होती. नव्व्याण्णवनंतर तिच्यावर परत पिठी धरली होती, पहिल्यापेक्षा दाट. ते पाहुण्यांना मुद्दाम वर घेऊन येत, पेटी उघडायला सांगत आणि म्हणत, “ही कांताबाईंची करामत.” दोन-तीन जिवलग मित्रांना त्यांनी त्यातल्या सिगारी भेटही दिल्या होत्या. कांताबाईंनी स्वतः कधी एक झुरकाही घेतला नाही. घरात तंबाखू चालत नसे. अजितरावांची मिश्रीसुद्धा त्यांनी लग्नानंतर वर्षभरात सोडवली होती.

दोन हजार वीसच्या मार्चमध्ये सगळं बंद झालं, तसा क्लबही. कोठडीच्या मजल्याची वीज तोडली गेली. कांताबाई परळला घरी. अजितराव आदल्या वर्षी गेले होते, मुलगा बुद्धभूषण नोकरीनिमित्त नागपूरला, घरी त्या आणि प्रिती. प्रिती दादरच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन, तिला रोज कामावर जावं लागे. कांताबाई दारात बसून तिची वाट बघत. मे महिन्यापर्यंत त्यांनी सिगारींचा विचार केला नाही, असं त्या सांगतात. पाऊस सुरू झाल्यावर मात्र त्यांना राहवेना. क्लबाच्या पहारेकऱ्याला फोन करून त्यांनी घड्याळाचा काटा बघायला सांगितला. त्याच्याकडे किल्ली नव्हती. काचेतून टॉर्च मारून तो म्हणाला की काटा पार टोकाला गेलाय.

सप्टेंबरच्या मध्याला मॅनेजरचं पत्र घेऊन त्या बेस्टच्या बसने फोर्टात गेल्या. मॅनेजर हेरंब साठे, चाळिशीचे, क्लबात येऊन दीडच वर्ष झालेलं. ते खालीच भेटले आणि दोघं वर गेली. खोलीचं दार उघडल्यावर कांताबाईंनी मास्क असूनही नाकाला पदर लावला. कातडी खुर्च्यांच्या पाठी हिरव्या झाल्या होत्या. कोठडीत साठाच्या वर पेट्या होत्या. त्यांनी चार दिवस लावून एकेक पेटी उघडली. निम्म्याहून जास्त पेट्यांत बुरशी उघड दिसत होती, निळसर, केसाळ, काही ठिकाणी तर सिगारी एकमेकींना चिकटलेल्या. त्या पेट्या पिशव्यांत बांधून वेगळ्या काढल्या. काही पेट्या ठीक होत्या. आठ-दहा पेट्या मात्र नुसत्या पांढऱ्या.

विजयकरांची पेटी त्यांनी शेवटी उघडली. आत सतरा सिगारी उरल्या होत्या. प्रत्येकीवर एकसारखी पसरलेली पांढरी पूड, काहींवर दाट, काहींवर अगदी पातळ. ठिपका नाही, केस नाहीत. वास घ्यायला मात्र काही उपाय नव्हता, कारण साऱ्या खोलीलाच तो वास होता. कांताबाईंनी पेटी मिटली, त्यावर चिठ्ठी लावली, ‘पिठी’, आणि चार दिवसांत पहिल्यांदा खाली जाऊन चहा प्यायला.

साठे यांना मेंबरांना कळवायचं होतं, कुणाचं काय वाचलं, कुणाचं गेलं. त्या आठ-दहा पांढऱ्या पेट्यांबद्दल त्यांनी थोडं वाचन केलं होतं. ते कांताबाईंना म्हणाले की परदेशात काही लोकांनी असल्या पांढऱ्या सिगारी प्रयोगशाळेत दिल्या, तर बऱ्याच वेळा ती बुरशीच निघाली. आपणही बघून घेऊ या का? त्यांनी हे अगदी सौम्यपणे विचारलं. पण कांताबाईंना ते लागलं. वीस वर्षांत कुणी त्यांच्या शब्दावर असं बोललं नव्हतं. त्या म्हणाल्या, “माझी मुलगीच लॅबमध्ये आहे. बघा खुशाल.”

त्यांना खात्री होती, म्हणूनच त्या एवढ्या सहज बोलल्या.

पण लॅब करोनाच्या तपासण्यांत बुडालेली होती. प्रितीला जेवायला वेळ मिळत नव्हता, सिगार कोण बघणार. ते जानेवारीवर गेलं. मधल्या काळात पेट्या कोरड्या डब्यांत बंद होत्या. जानेवारीत प्रितीने तिच्या मॅडमची परवानगी घेतली. तिने आईला सांगितलं की पूर्ण सिगार आणायची गरज नाही. पारदर्शक चिकटपट्टीचा तुकडा पांढऱ्या जागेवर हलकेच दाबायचा, उचलायचा आणि काचेच्या पट्टीवर लावून आणायचा. ती त्यावर निळा रंग टाकून सूक्ष्मदर्शकाखाली बघेल. कांताबाईंनी विजयकरांच्या पेटीतले तीन नमुने आणले. दुसऱ्या कुठल्याही पेटीतला आणला नाही, कारण त्यांच्या लेखी खरी परीक्षा तीच होती.

प्रिती संध्याकाळी घरी आली तेव्हा तिने चप्पल काढायच्या आधीच फोन पुढे केला. फोटोत निळे धागे होते, एकमेकांत गुंतलेले, आणि धाग्यांच्या टोकांना मण्यांसारख्या माळा.

“आई, हे तंतू आहेत. तिन्हीत आहेत. ही बुरशी आहे.”

कांताबाई म्हणाल्या की खोलीत बुरशी होती, ती हवेतून येऊन बसली असेल. प्रिती म्हणाली, असेल, पण एवढी दाट जाळी नुसती हवेतून येऊन बसत नाही, ती तिथेच वाढलीय. किती जुनी आहे ते मात्र सांगता येणार नाही. लॉकडाऊनमधली असेल किंवा आधीचीही. कांताबाईंनी फोन परत दिला आणि भाजी चिरायला घेतली. दोन दिवस त्या प्रितीशी कामापुरतंच बोलल्या. प्रितीलाही राग आला होता. ती मला म्हणाली की पेशंटला रिपोर्ट देते तेव्हा लोक असंच माझ्याकडे बघतात, पण ती माणसं परकी असतात.

तिसऱ्या दिवशी कांताबाई क्लबात गेल्या आणि सतराच्या सतरा सिगारींचे नमुने घेऊन आल्या. प्रत्येक पट्टीवर आकडा घातलेला. प्रितीने रविवारी लॅबमध्ये बसून ते बघितले आणि या वेळी आईलाही सोबत नेलं. तिने सूक्ष्मदर्शकापुढचं स्टूल आईसाठी वर केलं. पहिल्यांदा कांताबाईंना आपल्या पापण्याच दिसत होत्या. मग धागे दिसले. एकामागून एक बारा पट्ट्यांवर धागे. पण पाच पट्ट्यांवर धागा नव्हता. तिथे रंग न धरलेले, खडीसाखरेचे तुकडे पडावेत तसे बारीक चकाकणारे कण होते.

“ही तुझी पिठी,” प्रिती म्हणाली. तिने आईला सांगितलं की फ्रीजमध्ये खूप दिवस राहिलेल्या चॉकलेटवर पांढरं येतं ना, ते चॉकलेटमधलंच तूप वर आलेलं असतं, ते खराब नसतं. हे तसलंच काहीतरी दिसतंय. नक्की काय आहे ते सांगायला मोठी लॅब लागेल, पण बुरशी नाही एवढं नक्की.

कांताबाईंनी पाचही आकडे कागदावर लिहून घेतले. सोमवारी क्लबात जाऊन त्या पाच सिगारी त्यांनी पेटीतून काढल्या आणि खिडकीशी ओळीने मांडल्या. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की पेटीतल्या सर्वांत कमी पांढऱ्या सिगारी याच होत्या. समोरून बघितलं तर जवळजवळ काही दिसतच नव्हतं. तिरक्या उजेडात धरल्या तरच अंगावर बारीक चमक होती. जशा सिगारी पाहुण्यांना दाखवल्या जात, मित्रांना भेट दिल्या जात, तशा दाट पांढऱ्या सगळ्या बुरशीच्या होत्या.

त्या दिवशी घरी आल्यावर प्रितीने समजूत घालायचा प्रयत्न केला. ती म्हणाली, “म्हणजे तू नव्व्याण्णव साली पुसलंस ते बरोबरच होतं की.”

“तेव्हा मला काय ते माहीत नव्हतं,” कांताबाई म्हणाल्या. “न बघता पुसलं. ते बरोबर कसं होईल? आणि नंतर वीस वर्षं सांगत राहिले, तेही न बघताच.”

साठे म्हणाले होते की विजयकरांना क्लबातर्फे पत्र पाठवू. कांताबाईंनी नको म्हटलं. फेब्रुवारीत त्या ठाकूरद्वारला गेल्या. एवढ्या वर्षांत त्या विजयकरांच्या घरी कधी गेल्या नव्हत्या. दार त्यांच्या सुनेने, सरोजिनीताईंनी उघडलं. हात धुवायला पाणी दिलं आणि खुर्ची लांब ठेवली. विजयकर तेव्हा चौऱ्याऐंशीचे. गेलं वर्षभर घराबाहेर पडलेले नव्हते, कान कमी झाले होते. कांताबाईंना बघून ते खूश झाले आणि त्यांनी पहिल्यांदा पेटीचीच चौकशी केली.

कांताबाईंनी सगळं सांगितलं. दोनदा सांगावं लागलं, कारण पहिल्यांदा त्यांना नीट ऐकू आलं नाही. दुसऱ्यांदा मोठ्याने सांगताना आपलाच आवाज आपल्याला नकोसा झाला, असं त्या म्हणतात. सतरातल्या बारांवर बुरशी आहे. कधीपासूनची ते कळायला मार्ग नाही. लॉकडाऊनच्या आधीचीही असू शकेल.

विजयकर म्हणाले, “मी दामल्यांना दिली होती. त्यांच्या पंच्याहत्तरीला. तुम्हीच काढून दिलीत, सगळ्यात पांढरी.”

“हो.”

“ते आता नाहीत. त्यांना कोण सांगणार?”

विजयकर पुढे म्हणाले की तुम्ही हे मला सांगायला आला नसतात तर मला कधी कळलंही नसतं, आणि ते बरं झालं असतं. मग त्यांनी सुनेला हाक मारून औषधाची वेळ झाली का विचारलं. कांताबाई उठल्या. सरोजिनीताई जिन्यापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, त्यांचं मनावर घेऊ नका, हल्ली बाहेरचं काही आलं की ते असेच होतात. कांताबाई चालत गिरगाव चर्चपर्यंत आल्या आणि तिथून बस धरली.

क्लबात साठे यांनी बाकीच्या पांढऱ्या पेट्यांचे नमुने तपासून घेतले. प्रितीनेच ते बघितले. दोन पेट्यांत थोडीशी खरी पिठी सापडली, बाकी सगळ्यांत धागे. मेंबरांना कळवलं. दोघं चिडले. एकाने आपल्या उरलेल्या पेट्या घरी नेल्या आणि पूर्वी हे असलं काही नव्हतं असं सेक्रेटरीला ऐकवलं. कांताबाईंनी साठे यांच्याकडे दिवा लावलेलं एक भिंग मागितलं. ते आलं. त्या दिवसापासून वहीत दमटपणाच्या आकड्याशेजारी त्या प्रत्येक पेटीबद्दल दिसेल ते लिहू लागल्या. कळलं नाही तर ‘माहीत नाही’ असंही. साठे म्हणाले की मेंबरांना हे वाचायला आवडणार नाही. कांताबाई म्हणाल्या की वही माझ्यासाठी आहे.

विजयकरांकडून आठ महिने काही निरोप नव्हता. ऑक्टोबरमध्ये एका दुपारी ते सुनेबरोबर क्लबात आले, काठी टेकत, लिफ्टने वर. त्यांनी आपली, आता पाचच सिगारी उरलेली पेटी मागितली. कांताबाईंनी एकेक तिरकी धरून दाखवली. त्यांना चमक दिसली नाही, डोळे अधू झाले होते. त्यांनी मधली एक निवडली. सरोजिनीताई म्हणाल्या की डॉक्टरांनी साफ मनाई केली आहे. ते म्हणाले, दोनच झुरके. कांताबाईंनी टोक कापून दिलं, त्यांनी पेटवली आणि खरोखरच दोन झुरके घेतले.

“कशी आहे?” कांताबाईंनी विचारलं. बावीस वर्षांत त्यांनी हा प्रश्न कधी कुणाला विचारला नव्हता.

विजयकरांनी धूर जाऊ दिला. “चांगली आहे. थोडी गोडसर. पण अट्ठावीस वर्षं वाट बघावी इतकी काही नाही.”

आणि ते हसले. सरोजिनीताईही हसल्या. कांताबाईंना हसावं की नाही ते कळेना, पण त्यांनाही हसू आलं. जाताना विजयकर म्हणाले की उरलेल्या चार राहू देत, मी येईन. ते आणखी दोनदा आले. तेवीस सालच्या डिसेंबरात गेले. सरोजिनीताईंनी क्लबाला फोन करून सांगितलं की त्या दोन सिगारी आम्हाला नकोत, कांताबाईंना योग्य वाटेल ते करा. कांताबाईंनी पेटीवरचं नाव तसंच ठेवलं आणि पेटी तिच्या जागी.

साठ वर्षांच्या झाल्यावर त्या यंदाच्या मार्चमध्ये निवृत्त झाल्या. त्यांच्या जागी सीमा नावाची दादरची बाई आली, पस्तिशीची, आधी एका हॉटेलात काम केलेली. कांताबाईंनी तिला तीन आठवडे शिकवलं. स्पंज, पिशव्या, घड्याळ, दार किती उघडायचं, सगळं सांगितलं. पांढऱ्याबद्दल मात्र पहिल्या दिवशी काहीच सांगितलं नाही. तिच्यापुढे तीन पेट्या ठेवल्या, हातात भिंग दिलं आणि वही उघडून दिली.

सीमाने विचारलं की यात नक्की काय शोधायचं.

“काही शोधू नको. काय दिसतंय ते लिही,” कांताबाई म्हणाल्या. “नाव नंतर देऊ.”

सीमा खिडकीशी खुर्ची ओढून बसली. पहिल्या पेटीला तिला पाऊण तास लागला.